निजलेल्या फोनचा जागता खर्च

रात्री दहा वाजता फोन पुरता भरून उशाशी ठेवावा, दिवे मालवावेत, आणि सकाळी सहाला उठून पाहावे तो शंभराचे ऐंशी झालेले! रात्रभर कोणी बोलले नाही, कोणी चित्र पाहिले नाही. मग हे वीस टक्के गेले कोठे? पुष्कळ घरांतून याचे उत्तर ठरलेले असते : "बॅटरी गेली, बदलून टाका." बॅटरी जुनी झाली असेल तर हे उत्तर खरेही असते. पण कित्येकदा असे होते की, नवी बॅटरी घालून महिना लोटत नाही तोच तीच रड पुन्हा सुरू होते. तेव्हा समजावे की, गळती टाकीला नसून नळाला आहे. हा नळ कोणता, हे कळायचे तर फोन झोपतो कसा आणि त्याला मध्येच उठवतो कोण, हे पाहिले पाहिजे.

हा प्रश्न केवळ शहरी चैनीचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या शिरपूर भागात शेतपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, की केळीला किंवा कपाशीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाजवळ फोन हाच कंदील, फोन हेच घड्याळ, आणि साप-विंचू निघालाच तर घरी किंवा १०८ क्रमांकाला वर्दी देण्याचे साधनही तेच. पहाटे तीनला तो विझून चालत नाही. दुसरीकडे, त्याच घरातली मुलगी प्रवेशाच्या यादीची किंवा शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची वाट पाहत असते, आणि ती सूचना ई-मेलने नाही तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते. बॅटरी वाचावी म्हणून कोणी सांगितले की सगळी अ‍ॅपे बंद करून टाक, आणि तिने ती केली, तर सूचना येते ती मुदत टळल्यावर. म्हणजे फोन टिकलाही पाहिजे आणि निरोप वेळेवर आलाही पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत असे वरवर दिसते. वस्तुतः तशा त्या नाहीत.

प्रथम जुन्या फोनची आठवण करू. २००३ साली बाजारात आलेला, डोक्यावर विजेरी असलेला नोकियाचा ११०० हा फोन खेड्यापाड्यांतून पुष्कळांनी वापरला. त्याची बॅटरी आजच्या बॅटरीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची; पण एकदा भरली की दिवसचे दिवस चाले. त्यावर निरोप येत नव्हते असे नव्हे, एसएमएस येतच होते. मग तो एवढा काटकसरी कसा?

याचे इंगित त्याच्या झोपेत आहे. कुत्र्याची झोप आपण पाहतो. अंग सैल सोडून पडलेले असते, पण कान तेवढा जागा असतो. दारी पाऊल वाजले की ते उठलेच! आपल्या जुन्या लोकांनी याला श्वाननिद्रा असे नेमके नाव दिले आहे. फोनचीही झोप अशीच असते. टॉवर आणि फोन यांच्यात वेळा ठरलेल्या असतात. ४जीच्या जाळ्यात साधारणपणे सव्वा सेकंदाला एकदा फोन क्षणभर कान टवकारतो, "माझ्या नावाची हाक आहे का?" एवढेच ऐकतो, आणि नसेल तर पुन्हा निजतो. हे ऐकणे सेकंदाच्या अत्यल्प भागात उरकते, म्हणून त्याला वीज फारच थोडी लागते. कोणाचा फोन आला तर हाक याच वाटेने येते, आणि एसएमएसचा छोटा मजकूरही टॉवरशी चालणाऱ्या याच कामकाजाच्या वाटेने येऊन जातो. त्यासाठी इंटरनेट उघडावे लागत नाही. नोकियाला यापलीकडे काही करायचेच नव्हते. तो निजला की खरोखर निजत असे.

आजच्या फोनची कथा वेगळी. त्यात व्हॉट्सअ‍ॅप आहे, ई-मेलची एकदोन खाती आहेत, बँक आहे, बातम्या आहेत, आणि दुकानांची अ‍ॅपे तर न मागता येऊन बसलेली आहेत. यांचा निरोप इंटरनेटवरून येतो. त्यासाठी फोनला झोपेतून पुरते उठावे लागते, टॉवरकडून वाट मागून घ्यावी लागते, निरोप उतरवून घ्यावा लागतो. येथपर्यंतचा खर्च फार नाही. चार ओळींचा निरोप उतरायला सेकंदही लागत नाही. खरी गंमत पुढे आहे. निरोप येऊन गेल्यावर फोनचा रेडिओ लगेच निजत नाही. पाहुणा ओटा उतरून गेला तरी आपण पडवीतला दिवा लगेच मालवत नाही. काही विसरले म्हणून तो परत येईल, असे वाटते. तसाच हा रेडिओ काही सेकंद जागाच थांबतो, न जाणो आणखी काही आले तर! किती सेकंद थांबायचे, हे टॉवरचे जाळे ठरवते, आपण नव्हे. अभियंत्यांनी या थांबण्याला 'शेपूट' असे नाव दिले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या आणि एटी अँड टी कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली तेथल्या ४जी जाळ्यावर हे शेपूट मोजले. ते सुमारे साडेअकरा सेकंदांचे भरले, आणि तेवढा वेळ फोन सुमारे एक वॉट वीज नुसता वाट पाहण्यात घालवत होता. क्षणाचा निरोप आणि साडेअकरा सेकंदांची ताटकळ! आज यंत्रे सुधारली आहेत आणि हे आकडे फोनाफोनाने व जाळ्याजाळ्याने बदलतात. पण प्रकार तोच आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. फोनचा खर्च निरोप केवढा मोठा आहे यावर फारसा ठरत नाही. तो किती वेळा उठवला गेला यावर ठरतो. दहा निरोप एकदम आले तर शेपूट एकच. तेच दहा निरोप मिनिटामिनिटाच्या अंतराने आले तर शेपटे दहा.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एखादे ई-मेलचे अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी "टपाल आले का?" म्हणून चौकशीला जाते. तासाला चार, म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या. प्रत्येक फेरीमागे रेडिओ दहा सेकंद जागा राहिला असे धरले, तर ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे झाली. अशी पाच अ‍ॅपे असली आणि प्रत्येकाची वेळ निराळी असली, तर ८० मिनिटे. एका वॉटने ८० मिनिटे म्हणजे सव्वा वॉट-तासाहून थोडे अधिक. आपल्याकडच्या सर्वसाधारण फोनची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तासांची असते. तिच्यात सुमारे १९ वॉट-तास मावतात. म्हणजे दिवसाकाठी सुमारे सात टक्के वीज केवळ "आले का?" असे विचारण्यात गेली, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असेच मिळाले! शिवाय प्रत्येक फेरीला फोनचा मेंदू उठतो त्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

मुंबईहून मुलाचे पत्र यायचे आहे म्हणून घरातल्या पाच माणसांनी दर पंधरा मिनिटांनी टपाल कचेरीत खेटे घालावेत, त्यातलाच हा प्रकार. शहाणपणाची रीत अशी की, सगळ्यांनी घरी निजावे आणि पोस्टमनने येऊन कडी वाजवावी. संगणकशास्त्रात ही रीत फार पूर्वी सुचली. ई-मेलच्या आयमॅप नावाच्या पद्धतीत १९९७ साली 'आयडल' नावाची एक आज्ञा घालण्यात आली. तिचा अर्थ असा की, "मी येथेच स्वस्थ बसलो आहे, नवे टपाल आले तर तूच मला सांग." स्मार्टफोनवर याच्याही पुढची सोय झाली. अ‍ॅपलने २००९ साली आणि गूगलने २०१० साली सगळ्या अ‍ॅपांसाठी मिळून एकच द्वारपाल नेमण्याची व्यवस्था सुरू केली. आपल्या फोनमधून गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या केंद्राकडे एकच धागा ताणून धरलेला असतो. काही मिनिटांनी त्याला एक बारीकसा हिसका देऊन तो तुटलेला नाही एवढे पाहायचे, बाकी स्वस्थ. निरोप कोणाचाही असो, तो या एकाच धाग्याने येतो, आणि द्वारपाल ज्याचे टपाल त्यालाच उठवतो.

म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅप नुसते असल्याने बॅटरी संपते, ही समजूत खरी नाही. दिवसातून पाच-दहा निरोप येणाऱ्या माणसाला त्याचा भार जाणवणारही नाही. पण पहाटे पाचपासून 'शुभ प्रभात'ची गुलाबाची फुले वाटणारे आठ गट असतील, तर बिचारा द्वारपाल तरी काय करील? प्रत्येक फुलामागे रेडिओ उठतो, चित्र आपोआप उतरवले जाते, घंटा वाजते, आणि पुष्कळ फोनांत पडदाही उजळतो. पडदा हा तर फोनमधला मोठाच खर्चिक गृहस्थ. निरोपाच्या निमित्ताने काही सेकंद पडदा पेटला, तर निरोपापेक्षा त्या दिवाळीचाच खर्च जास्त होण्याचा संभव असतो. त्या गटांची घंटा आणि चित्रांचे आपोआप उतरणे बंद केले, तर गट सोडण्याची, पर्यायाने नातेवाइकांचा राग ओढवून घेण्याची वेळ येत नाही, बरं का.

ई-मेलचे मात्र नीट पाहावे लागते. जीमेलचे टपाल जीमेलच्या अ‍ॅपात आपोआप, त्या धाग्यानेच येते. पण कचेरीचे किंवा महाविद्यालयाचे स्वतंत्र खाते जुन्या पद्धतीने जोडले असेल, तर ते पंधरा-पंधरा मिनिटांनी खेटे घालत असण्याचा संभव फार. सेटिंगमध्ये जाऊन ती वेळ तासावर नेता येते, किंवा "मी उघडीन तेव्हाच आण" असे सांगता येते. वर मांडलेल्या हिशेबातले त्याचे १६ मिनिटांचे जागरण एवढ्याने चार मिनिटांवर येते.

पण मुळातच अ‍ॅप बिघडलेले असले तर? असेही घडते, आणि ते नामांकित कंपन्यांकडूनही घडते. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरचे फेसबुकचे अ‍ॅप पडद्याआड राहून वीज खात असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीच्या अभियंत्याने दोष जाहीरपणे कबूल केला. एक तर जाळ्याशी बोलणारा आज्ञांचा एक तुकडा उत्तर आले का, आले का, असे उगाच विचारत गरगर फिरत होता; आणि दुसरे म्हणजे, चित्रफीत पाहून झाल्यावरही ध्वनीचे दालन उघडेच राहत होते, त्यामुळे काही वाजत नसूनही अ‍ॅप जागे राही. फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपांचे आणखी एक बिंग त्याआधीच, २०१२ साली, अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील अभिनव पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडले होते. त्यांनी तपासलेल्या काही लोकप्रिय फुकट अ‍ॅपांत ६५ ते ७५ टक्के ऊर्जा अ‍ॅपच्या मूळ कामात नव्हे, तर जाहिराती आणणे, माणसाची माहिती पाठवणे अशा बाहेरच्यांच्या कामात खर्च होत होती. फुकटाची किंमत ही अशी विजेत मोजावी लागते.

या उधळपट्टीला आळा घालावा म्हणून गूगलने २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत 'डोझ', म्हणजे डुलकी, नावाची योजना आणली. फोन चार्जरला लावलेला नसेल, पडदा बंद असेल आणि तो काही वेळ एका जागी पडून असेल, तर सगळ्या अ‍ॅपांची ये-जा बंद. मधूनमधून थोडा वेळ दार उघडते, त्यात सगळ्यांनी आपापली कामे एकत्र उरकायची; रात्र जाईल तसतशा या उघडण्याच्या वेळा विरळ होत जातात. एकत्र उरकल्यामुळे शेपूट एकच! पुढल्या वर्षीच्या आवृत्तीत खिशातल्या चालत्या फोनलाही ही डुलकी लागू लागली. यात निरोपांचे दोन वर्ग आहेत. साधे निरोप दार उघडेपर्यंत थांबतात. तातडीचे मात्र झोपमोड करून आत येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी कॉल मध्यरात्री वाजतो तो या तातडीच्या वर्गामुळे. दुकानाच्या सवलतीची जाहिरात तातडीची नाही, हे उघड आहे. पण तातडीचा शिक्का मारणे निरोप पाठवणाऱ्याच्या हाती असल्यामुळे सगळेच तो शिक्का प्रामाणिकपणे वापरतात असे म्हणवत नाही.

आता बॅटरी वाचवण्याचा जो उपाय घरोघरी चालतो, त्याविषयी. उघडलेली अ‍ॅपे एकापाठोपाठ एक बोटाने वर ढकलून द्यायची आणि मोकळा श्वास घ्यायचा. हे पाहायला फार समाधानकारक असते, पण बॅटरीला त्याचा उपयोग नाही. उलट तेच अ‍ॅप पाच मिनिटांनी पुन्हा मुळापासून उघडायला जास्त वीज पडते. २०१६ साली एका ग्राहकाने अ‍ॅपलला हाच प्रश्न विचारला, तेव्हा तेथील वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी यांनी अशा ढकलण्याची गरज नाही असेच उत्तर दिले होते. आणि याच्याही पुढे जाऊन कोणी 'फोर्स स्टॉप' केले, म्हणजे अ‍ॅपला सक्तीने बंद केले, तर अँड्रॉइडमध्ये द्वारपालाचीही हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपण स्वतः ते उघडीपर्यंत निरोप बाहेर अडून राहतो. शिवाय काही फोन बनवणाऱ्यांनी बॅटरी फार टिकते अशी कीर्ती व्हावी म्हणून आपापले जादा कडक नियम घातले आहेत. त्यांच्या फोनांत आपण काहीही न करता अ‍ॅपे मारली जातात. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडताक्षणी रात्रीचे निरोप धडाधड एकदम कोसळतात, ते बहुधा याचमुळे. मघा म्हटलेल्या विद्यार्थिनीची मुदत टळते ती येथे.

तेव्हा सरसकट सगळ्यांना मारणेही नको आणि सगळ्यांना मोकाट सोडणेही नको. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी या सदराखाली प्रत्येक अ‍ॅपने किती वीज घेतली, आणि त्यातली पडद्याआड किती, हे मांडलेले असते. आठवडाभरात आपण ज्याला हातही लावला नाही असे एखादे अ‍ॅप त्या यादीत वर बसलेले दिसले, तर चोर सापडला. त्याला पडद्याआडची बंदी करावी, नाहीतर काढूनच टाकावे. ज्यांचा निरोप चुकून चालणार नाही अशी दोन-तीन अ‍ॅपे मात्र निर्बंधांतून मुक्त ठेवावीत. कोणती, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर अवलंबून. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' घेतले असेल, तर जवळपास वीज पडण्याचा इशारा देणाऱ्या त्या अ‍ॅपला जागे राहू द्यावे. त्याने थोडी बॅटरी खाल्ली तर खाऊ द्यावी.

आपल्या मुलखातल्या दोन गोष्टी पुस्तकी सल्ल्यात सापडत नाहीत, त्या सांगायच्या राहिल्या. पहिली सातपुड्याची. शिरपुराहून सेंधव्याकडे जाणारी एस.टी. पळासनेर मागे टाकून बिजासन घाटाला लागली, की फोन खिशातल्या खिशात गरम होतो आणि टक्के भराभर उतरतात, असा अनुभव प्रवाशांना येतो. टॉवर दूर आणि आड डोंगर, म्हणजे फोनला ओरडून बोलावे लागते. टॉवर जवळ असेल तेव्हा तो जेवढ्या शक्तीने बोलतो, तिच्या हजारपट शक्तीही त्याला दूरच्या टॉवरसाठी लावावी लागते. त्यातून निरोप अर्धवट पोचला तर तोच पुन्हा धाडायचा, आणि जाळे सुटले की नवा टॉवर शोधत बसायचे. म्हणजे जे अ‍ॅप शिरपूर शहरात निरुपद्रवी होते, तेच पाड्यावर महाग पडते. अशा ठिकाणी रात्रपाळीला जाणाऱ्याने इंटरनेट तेवढे बंद ठेवावे. विमानातली बंदी, म्हणजे 'एअरप्लेन मोड', लावू नये, कारण तिने फोन येणेही थांबते. नुसते इंटरनेट बंद केले तर अ‍ॅपांच्या फेऱ्या थांबतात, आणि साधा फोन व एसएमएस यांना कान उघडा राहतो. थोडक्यात, आपला स्मार्टफोन तेवढ्या रात्रीपुरता नोकिया होतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून जातो, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता मुळीच मानवत नाही. अ‍ॅपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा असे सांगते. आपला वैशाख त्या कागदात बसत नाही. पडद्याआडची अ‍ॅपे फोनला जागे ठेवतात म्हणजे तापवतातही, आणि उन्हात मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत ठेवलेला फोन आधीच तापलेला असतो. आज गेलेली वीज रात्री भरून निघते. पण उष्णतेने बॅटरीच्या पोटातली रसायने झिजली की तिची मावण्याची शक्तीच कायमची घटते. शिवाय जो फोन दोन दिवस पुरायचा तो रोज भरावा लागला, तर भरण्या-उतरण्याची आवर्तने दुप्पट होतात, आणि बॅटरीचे आयुष्य आवर्तनांतच मोजले जाते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विक्रीला येणाऱ्या नव्या फोनांना असा नियम लावला आहे की, ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत मूळच्या ८० टक्के शक्ती उरली पाहिजे. रोज एक आवर्तन धरले तर हा काळ सव्वादोन वर्षांहून कमीच भरतो, आणि दोन दिवसांनी एक धरले तर चार वर्षांपेक्षा जास्त.

शेवटी एक शंका काही जण काढतील. रात्री इंटरनेट बंद ठेवले आणि तेवढ्यात नदीला पूर आला किंवा दुसरी काही आपत्ती आली, तर सरकारी इशारा कळणार कसा? २०२३ साली देशभर अशा इशाऱ्यांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा वर्गात, बाजारात, एस.टी.त सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने किंचाळले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. तो इशारा इंटरनेटवरून आलेला नव्हता. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम जी हाक देतो, तीच ती. आणि ती ऐकायला फोन तोच सव्वा सेकंदाचा कान वापरतो. त्यासाठी एकही अ‍ॅप जागे ठेवावे लागत नाही. फोन चालू असावा आणि बॅटरी उरलेली असावी, एवढे पुरते.